कुठे? अगं ते काय, तिकडे!

आफ्रिकेत आम्हाला दिसलेला पहिला पक्षी म्हणजे साळुंकी. जोहान्सबर्गच्या एअरपोर्टवर भाड्याच्या गाडीत बॅगा कोंबत होतो तेव्हा बाईसाहेब समोर येऊन उभ्या, तीच पिवळी चोच, तेच पिवळे पाय आणि डोंबिवलीच्या आमच्या गॅलरीत असते तीच मिजास. सात हजार किलोमीटर विमानाने येऊन साळुंकी! नवरा लगेच म्हणाला, "ही धरायची नाही. ही इथली नाहीच मुळी, माणसांनी भारतातून डर्बनला आणली आणि मग पसरली सगळीकडे." त्याच्याकडे वही असते, त्यात दिसलेल्या पक्ष्यांची नावं आणि नंबर असतात आणि त्या वहीत कोणाला घ्यायचं याचे नियम सोसायटीच्या पार्किंगपेक्षा कडक आहेत.

तर क्रूगर नॅशनल पार्क. जवळजवळ वीस हजार चौरस किलोमीटर जंगल, आत चांगले रस्ते, गाडीचं स्टिअरिंग आपल्यासारखंच उजवीकडे, त्यामुळे गाईड कशाला हवा, आपणच चालवू असं ठरलं होतं. "आपणच" म्हणजे मी हे मला तिथे गेल्यावर कळलं. नवऱ्याच्या गळ्यात दुर्बीण, मांडीवर पक्ष्यांचं जाडजूड पुस्तक, त्यामुळे तो मागे, दोन्ही खिडक्यांमधून बघता यावं म्हणून एकटाच, अख्ख्या सीटवर इकडून तिकडे घसरत. सासूबाई माझ्या शेजारी, मांडीवर दिवाळीच्या फराळाचा डबा.

नोव्हेंबरात कॅम्पचं गेट पहाटे साडेचारला उघडतं. साडेचारला! घरी असताना या माणसाला साडेसातला हलवून उठवावं लागतं. आत डांबरी रस्त्यावर ५० आणि कच्च्यावर ४० ची मर्यादा आहे, पण प्राणी बघायचे तर वीसच्या वर जायचंच नाही. आणि ठरलेल्या जागा सोडल्या तर गाडीतून उतरायला सक्त मनाई. आता यात सासूबाईंचा पहाटेचा चहा मिसळा. पुढची सोय वीस किलोमीटरवर आणि आपण ताशी वीसने चाललोय, हे गणित मी आयुष्यात इतक्या कळकळीने कधी सोडवलं नव्हतं.

पहिल्या तासात मला अकरा सिंह दिसले. त्यातली सात वारुळं निघाली, तीन ओंडके आणि एक दगड. इम्पाला हरणं मात्र खरीखुरी, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना हीऽ एवढी. पहिल्या कळपापुढे आम्ही वीस मिनिटं थांबून साठ फोटो काढले, दुपारपर्यंत सासूबाई मान न वळवता "शेळ्याच आहेत, चल पुढे" म्हणायला लागल्या. या इम्पालांच्या ढुंगणावर काळ्या पट्ट्यांचा, मॅकडोनाल्डच्या पाटीसारखा इंग्रजी एम दिसतो, म्हणून तिकडे त्यांना जंगलातलं फास्ट फूड म्हणतात.

पण खरा छळ प्राणी शोधण्यात नसतोच. सापडलेला प्राणी दुसऱ्याला दाखवण्यात असतो.

"थांब थांब थांब!"

मी ब्रेक दाबते. चकल्या डॅशबोर्डवर.

"मागे घे. अजून. अगं जास्त झालं, पुढे घे. हां. ते बघ!"

"कुठे?"

"अगं ते काय, तिकडे. त्या झाडावर."

"कुठल्या झाडावर?" जंगलात आहोत आपण, झाडं सोडून आहे काय दुसरं.

"ते वाळकं झाड, त्याच्या मागचं हिरवं, त्याची आडवी फांदी, ती संपते तिथून थोडं वर."

तोपर्यंत पक्षी उडालेला असतो आणि चूक माझी असते, कारण मी "इंजिन उशिरा बंद केलं". दुसऱ्या दिवशी त्याने नवीन पद्धत काढली, गाडी म्हणजे घड्याळ, नाकासमोर बारा वाजलेत असं समजायचं. तो ओरडला, "दोन वाजता गरुड!" सासूबाई म्हणाल्या, "एवढा वेळ कोण थांबणार इथे, आत्ताशी साडेआठ होतायत."

त्याच सासूबाईंनी तिसऱ्या दिवशी आपण होऊन काचेवर टकटक केली. झुडपात तांबूस पंख, काळं डोकं, लांब शेपूट, लाल डोळा. "अगंबाई, भारद्वाज!" त्यांनी हात जोडले, कारण भारद्वाज दिसणं शुभ. मागून पुस्तकाची पानं फडफडली. "आई, हा बर्चेल्स कूकल आहे. आपल्याकडचा पोटाखाली काळा असतो, हा पांढुरका आहे." "असेना. चुलतभाऊ असेल," म्हणून त्यांनी परत हात जोडले. तेवढ्यात तो बोलला, बाटलीतून पाणी ओतल्यासारखा, बुडबुडबुड करत खाली उतरत जाणारा आवाज. तिघंही गप्प बसलो. तीन दिवसांत पहिल्यांदा आम्ही एकाच वेळी एकाच गोष्टीकडे बघत होतो.

शुभ असल्याचा पुरावा दहा मिनिटांत आला. वळणावर हत्ती. एकटा नर, रस्त्याच्या बरोब्बर मधून आमच्याकडे येणारा, कानशिलापासून गालावर ओला काळा ओघळ, म्हणजे मदात आलेला. मी रिव्हर्स टाकला. मान मागे वळवून, घामाघूम, मी मागे मागे जातेय, हत्ती पुढे पुढे येतोय, सासूबाई अथर्वशीर्ष म्हणतायत, आणि मागच्या सीटवरून आवाज येतो, "जरा हळू घे ना, त्याच्या पायाशी किडे टिपायला कोतवाल आलाय." त्या क्षणी मी त्याला उतरवून पुढे गेले असते, पण उतरायला मनाई होती ना.

सिंहही दिसला. म्हणजे कान दिसला. लोअर साबी नावाच्या कॅम्पकडच्या रस्त्यावर चौदा गाड्या एका झुडपापाशी तुंबलेल्या आणि झुडपाखाली एक कान. सिंह दिवसातले वीसेक तास झोपतो, आणि बहुतेक आम्ही विसातल्या पहिल्यातच पोचलो होतो. चाळीस मिनिटांत कान दोनदा हलला. नवरा अर्थातच उलट्या बाजूच्या खिडकीतून दुर्बीण लावून बसलेला, श्वास रोखून, अजिबात न हलता. ते बघून शेजारच्या गाडीतल्या गोऱ्या आजोबांनी तिकडे बघितलं. मग त्यांच्या मागच्या गाडीने. मग पाच-सहा कॅमेरे सिंहाकडे पाठ करून आमच्या बाजूला वळले. आजोबांनी काच खाली करून दबक्या आवाजात विचारलं, "लेपर्ड?"

नवऱ्याचा चेहरा आनंदाने नुसता फुललेला. "नो नो! रॅटलिंग सिस्टिकोला!"

हा पक्षी चिमणीहून लहान आणि तपकिरी. एवढंच. आजोबांनी न बोलता काच वर केली. मी सीटवर जितकं खाली सरकता येईल तितकं सरकले.

पाचव्या दिवशी चारशे किलोमीटर चालवून आम्ही परत जोहान्सबर्गला. एअरपोर्टवर मी गाडी परत करत होते, तिथला माणूस बंपरभोवती फिरून ओरखडे शोधत होता (सगळे शोधणारे माझ्याच नशिबी), सासूबाई उरलेले शंकरपाळे मोजत होत्या आणि नवरा खांबाला टेकून वही उघडून उभा. शेवटचा नंबर होता ९९. पार्किंगभर त्याने दुर्बीण फिरवली. नुसतं काँक्रीट.

मग बॉनेटवर साळुंकी येऊन बसली. तिने त्याच्याकडे बघितलं, त्याने तिच्याकडे. मी मुद्दाम दुसरीकडे तोंड केलं. पेनचं टोपण उघडल्याचा आवाज आला.

"आई बघतायत," मी म्हटलं.

"कुठे?" तो म्हणाला.