गळ्यावर वस्तरा, सूर बी मायनर

गालावर फेस असताना गिटारवर वाद घालू नये. रविवारी बेळगावच्या टिळकवाडीतल्या एका सलूनमध्ये स्पीकरवर ईगल्स बँडचं 'हॉटेल कॅलिफोर्निया' शेवटच्या गिटारवादनाला आलं आणि न्हाव्याचा वस्तरा माझ्या गळ्यापाशी थबकला.

"जगात एक नंबर सोलो वो सर. एकटा माणूस किती वाजवतोय बघा की!"

एकटा? डॉन फेल्डर आणि जो वॉल्श, दोघं आहेत ते. साल १९७६. बी मायनरपासून निघणारं आठ कॉर्डचं, म्हणजे आठ स्वरगुच्छांचं, आवर्तन. आधी आळीपाळीनं वाजवतात, मग शेवटी दोन्ही गिटारी एकच चाल वेगवेगळ्या सुरांवरून धरून जोडीनं उतरतात. हे सगळं मी "दों... घं" एवढ्यात सांगितलं, कारण हनुवटी त्याच्या चिमटीत होती.

"दुखतंय? ब्लेड नवीन हाय, हलू नका."

बाकावर मांडीवर कुंद्याचा बॉक्स घेऊन बसलेले एक काका पेपरातून वर न बघता म्हणाले, "दोघं वाजवतात, मग सोलो कशाला म्हणायचं?"

प्रश्न बिनतोड होता. म्हणूनच जास्त झोंबला.

"दोघं न्हवंच वो काका! असं करतोय त्यो," म्हणत त्यानं डाव्या हातात फणी आडवी धरली, उजव्या हातात वस्तरा, आणि डोळे मिटले. सूर चढला की वस्तराही चढायचा. उतरताना कुठं उतरेल, ह्याचा अंदाज घेत मी खुर्चीत खाली सरकत होतो. काका आता पेपर बाजूला ठेवून बघत होते. मला वाचवायला नव्हे, सोलो बघायला.

तोंडानं सूर ओढणं सोपं असतं. तार ओढून बघा म्हणावं. तिसऱ्या तारेवर, गिटारीच्या दांडीवरच्या सातव्या पट्टीवर अनामिका, तिच्या मागं मधलं बोट आणि तर्जनी आधाराला. जोर बोटाचा नाही, मनगट फिरवायचं. सूर नवव्या पट्टीच्या सुराला भिडला पाहिजे, म्हणून आधी नववी वाजवून कानात धरायची. बहुतेकांचा बेंड, म्हणजे असा ओढलेला सूर, पाव सूर अलीकडंच दमतो आणि मग तो झाकायला बोट थरथरवतात. सतारीवरची मींडही तार ओढूनच तर निघते. पिंक फ्लॉइडचा गिटारिस्ट डेव्हिड गिल्मर मोठा कशामुळं? ओढलेला सूर नेमका जागेवर पोचतो आणि तिथं थांबतो. पण आमच्याकडं वेगाचं वेड. १९७८ मधलं व्हॅन हेलन बँडचं 'इरप्शन' हे गिटारवादन पावणेदोन मिनिटांच्या आतच संपतं, तेवढ्यावर लोक पहिला नंबर देऊन मोकळे.

लेड झेपेलिनच्या 'स्टेअरवे टू हेवन'चं तसंच. जिमी पेजचा तो सोलो लेस पॉल गिटारीवरचा, असं छातीठोक सांगतात; वाजवलाय टेलिकास्टरवर. ए मायनर पेंटाटॉनिक ही पाच सुरांची मालिका, म्हणजे षड्ज 'ए' धरला तर सरळ आपल्या धानी रागाचे स्वर. खालून एफ कॉर्ड आली की मात्र पेज कोमल धैवत लावतो, आणि तिथंच काळजात कळ उठते. कुमार गंधर्व जन्मले ते सुळेभावी इथून हाकेच्या अंतरावर, आणि मी हे कुणाला सांगायचं? फणीला?

कळत असून गप्प बसायचं, आणि वर दाढीचे पैसेही द्यायचे.

"एकटाच हाय, घरी जाऊन नीट ऐका," त्यानं सुटे पैसे हातावर ठेवत मलाच समजावलं. काकांनीही मान डोलावली. बेळगावात वाद लवकर मिटवायची पद्धत नाही, १९५६ पासूनची सवय आहे; पण मला भूक लागली होती.

घरी आरशात पाहिलं. डावा कल्ला कानाच्या मध्यावर, उजवा बोटभर खाली. जोडीनं उतरलेत, वेगवेगळ्या सुरांवर.