सोहळा कापायचाच तर पुष्पचक्रं कापा

संचलन जवळ आलं की पुण्यात एक प्रश्न ठरलेला: पाय आपटून लढाया जिंकता येतात का? १५ जानेवारी २०२५ ला खडकीच्या बीईजीत (बॉम्बे इंजिनिअर ग्रुप, लष्कराचं केंद्र) सैन्यदिनाचं संचलन झालं, तेव्हाही हेच.

नाही जिंकता येत. पण लष्करी परंपरा जोखायची तर संचलन सोडा, अंत्यसंस्काराची कवायत बघा.

खांदेकऱ्यांच्या जोड्या उंचीनुसार लावतात. फरक राहिला, तर बुटक्याचा खांदा शवपेटीला टेकतच नाही. भार उंच गड्यावर जातो आणि वळणावर पेटी कलते. रिकाम्या पेटीवर सराव केला तर ही चूक लपते, म्हणून वजन घालूनच करावा.

तिरंग्याचा केशरी पट्टा डोक्याकडे. अग्नीआधी ध्वज काढायचाच, तो चितेवर जात नाही. घडी घालताना केशरी आणि हिरवा पट्टा पांढऱ्यामागे, मग दोन्ही टोकं आत, चक्र वर राहील अशी. वाऱ्यात कोपरा निसटतो, म्हणून चारही टोकं आधी ताणायची.

हवेत तीन फैरी, ब्लँक राउंडच्या. गोळी नसल्यानं नळीत पुरेसा दाब धरत नाही, रायफल आपोआप भरत नाही. दर फैरीनंतर हातानं खटका ओढून कॉक करावी लागते. एकाचा हात मागे पडला की एका आवाजाऐवजी ताशासारखं तडतडतं.

मग ‘शोक शस्त्र’: नळीचं तोंड खाली बुटावर, तळवे दस्त्यावर, मान झुकलेली. बिगुलावर ‘लास्ट पोस्ट’, म्हणजे अखेरच्या निरोपाची धून. बिगुलाला कळा नसतात, सगळे सूर ओठांवर; ओठ थरथरला की सूर फाटतो.

आणि ओठ थरथरणारच. हे सगळे बरेचदा गेलेल्याच्याच पलटणीचे, समोर त्याची आई. डोकं चालत नाही तेव्हा हुकमासरशी हात चालावेत, यासाठी ही घोकंपट्टी. याला दिखावा म्हणणं मला पटत नाही.

कापायचंच असेल तर पाहुण्यांच्या पुष्पचक्रांची रांग कापा. (नावं पुकारण्यातच निम्मा वेळ जातो.) तोवर मानवंदना देणारा गार्ड ताटकळतो. गुडघे ताठ आवळले की रक्त पायांत साठतं आणि धडधाकट पोरगा तोंडावर आपटतो. म्हणून कवायत शिकवणारे उस्ताद आधीच बजावतात: गुडघा किंचित सैल, बुटातल्या बुटात बोटं हलवत राहा, आणि सकाळी उपाशी येऊ नका.