महापुरुषांना संसार नसतो म्हणे

आज २२ सप्टेंबर, कर्मवीर अण्णांची, म्हणजे भाऊराव पाटलांची जयंती. गावातल्या शाळेत कार्यक्रम होता, आत्याला घेऊन गेले. वेळ नऊची, पाहुणे आले साडेदहाला. तोवर पोरं पटांगणात उन्हात बसलेली. फ्लेक्सवर पाहुण्यांचा फोटो अण्णांच्या फोटोपेक्षा मोठा. तेही सोडून दिलं असतं, सवय झालीय. पण माईक हातात घेऊन साहेब म्हणाले, "महापुरुषांना संसार नसतो. अण्णांनी संसारावर तुळशीपत्र ठेवलं, म्हणून ही रयत उभी राहिली." टाळ्या. मग घाईघाईत एक वाक्य, "त्यांच्या पत्नीनेही मंगळसूत्र दिलं." पुन्हा टाळ्या, आणि गाडी थेट स्वतःच्या आमदार निधीवर.

तेव्हापासून डोकं फिरलंय.

अहो, तुळशीपत्र कुठलं? त्या माणसाने संसार सोडला नाही, वाढवत नेला. चार लेकरांच्या जागी चाळीस जेवायला बसवली. आणि चाळिसांच्या भाकऱ्या थापणारी बाई त्या संसारातली नव्हती तर कुठली होती?

कुंभोजला १८८७ साली जन्मलेला, पाटलाच्या घरातला हा गडी. ओगल्यांचं काचसामान आणि किर्लोस्करांचे नांगर विकत गावोगाव फिरला. ४ ऑक्टोबर १९१९ ला कराडजवळच्या काल्याला रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ मध्ये ती साताऱ्याला आणली. एवढं सगळ्यांना पाठ असतं, भाषणात येतं. बोर्डिंगात सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला बसायची, गांधीजी १९२७ साली येऊन बघून गेले, हेही येतं. पण ती पंगत वाढत कोण होतं? लक्ष्मीबाई. सोवळ्याओवळ्याच्या घरात वाढलेली बाई. त्या काळी महार-मांगाच्या पोराला लेकासारखं शेजारी बसवून वाढणं म्हणजे काय, हे आज मंचावरच्या एकालाही कळणार नाही. सासर-माहेर दोन्हीकडची तोंडं तिला सहन करावी लागली असणार. दागिने एकेक करून गेले. अण्णा बाहेरगावी, बोर्डिंगात दाणा नाही, तेव्हा गळ्यातलंही काढून दिलं. १९३० साली ती गेलीसुद्धा. १९४० चं मोफत हायस्कूल नाही, १९४७ चं कॉलेज नाही, अण्णांचं पद्मभूषण नाही, काही काही बघितलं नाही तिने.

आणि आपण तिला एका वाक्यात उरकतो. मंगळसूत्र दिलं. संपलं.

आमचे आबा त्या बोर्डिंगातले. ते साताऱ्याला गेले तेव्हा वहिनींना, म्हणजे लक्ष्मीबाईंना, जाऊन बारा-तेरा वर्षं झाली होती, पण मोठी पोरं धाकट्यांना सांगायची, ती पुढच्यांना. आबा त्यांच्याबद्दल असं बोलायचे की लहानपणी मला वाटायचं, यांनी त्यांच्या हातचं खाल्लंय. पाळीने स्वयंपाक करून आबांचा हात इतका बसला होता की भाकरी आजीपेक्षा त्यांची गोल व्हायची. आजीला ते आयुष्यभर खटकलं.

पुढे आबा प्राथमिक शाळेत मास्तर झाले. पगार किती असणार. १९७४ साली आत्याला नर्सिंगला घालायची वेळ आली, घरात पैसा नाही, भावकी म्हणते पोरीला कशाला. आजी काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी पाटल्या रुमालात बांधून आबांच्या पुढ्यात ठेवल्या. आबा त्या रात्री जेवले नाहीत म्हणे.

आबा गेल्यावर आम्हाला त्यांच्या जमाखर्चाच्या वह्या सापडल्या. दरवर्षी एक, लाल कापडी पुठ्ठ्याची. १९७४ च्या वहीत, दूध, रॉकेल, पोस्टाचं तिकीट यांच्या खाली लिहिलंय: "हिच्या पाटल्या, तोळे ४. बाकी." १९७५ च्या वहीच्या पहिल्या पानावर: "मागील बाकी, हिच्या पाटल्या, तोळे ४." ७६, तेच. ७७, तेच. किराणावाल्याची बाकी मिटते, सोसायटीचं कर्ज मिटतं, ही ओळ काही मिटत नाही. कुणाला दाखवायला लिहिली नव्हती. आजीला तर वाचताच येत नव्हतं.

मला साहेबांना ही वही दाखवायची होती. संसार म्हणजे ही ओळ, साहेब. ज्याने ही ओळ चौदा वर्षं पुढे ओढली त्या माणसाने संसार सोडला होता काय? आणि हे तो शिकला कुठे? त्याच बोर्डिंगात. तिथे नुसतं गणित-इंग्रजी शिकवलं जात नव्हतं. आपल्या ताटातला घास कुणाच्या अंगावरच्या सोन्यातून आलाय, हे पोरांना ठाऊक होतं.

बरं, मान्य. अण्णांसारख्या वादळाशी संसार करणं सोपं नसणार. तिला विचारून सगळं झालं असेल असंही मी म्हणत नाही. आबासुद्धा काही देवमाणूस नव्हते, शाळेची शंभर पोरं सांभाळायचे आणि घरी माझ्या बापाला फोकाने मारायचे. आणि पाहुण्यांनाही बोलवावंच लागतं, वर्गखोल्यांचे पत्रे गळतायत, निधी तेच देणार. हेडमास्तरांचा चेहरा मला दिसत होता. त्यांच्यावर माझा राग नाही.

पण सातवीतल्या एका पोरीचं भाषण पाहुण्यांना उशीर झाला म्हणून कापलं, त्याचा आहे. पोरगी लक्ष्मीबाईंवर बोलणार होती. घरून हिरवं लुगडं नेसून, केसांत अबोलीचा गजरा माळून आली होती, तशीच खाली बसून राहिली. आत्या उठून तिच्याशेजारी जाऊन बसली, म्हणाली, "मला म्हणून दाखव." मग तिकडे साहेबांचं निधीपुराण चालू आणि इकडे कोपऱ्यात ती पोर माझ्या सत्तर वर्षांच्या आत्याला हळू आवाजात भाषण म्हणून दाखवतेय, हातवाऱ्यांसकट. मी लांबून बघत होते. लिहायला बसले तेव्हा नुसता संताप होता, आता या ओळीशी आल्यावर डोळ्यांत पाणी आलंय, काय करू.

वहीचं राहिलंच. १९८८ ला आबा रिटायर झाले. फंडाचे पैसे आले तसे सराफाकडे गेले आणि एक पाटली करून आणली. दुसरीला पैसे पुरले नाहीत, घराला कौलं घालायची होती. आजी म्हणाली, "आता या वयात मला कशाला?" आणि मरेपर्यंत हातातून काढली नाही. त्या वर्षीच्या वहीत: "हिच्या पाटल्या, पैकी जमा तोळे २. बाकी तोळे २." शेवटच्या वहीतही, अक्षर थरथरलेलं, पण ओळ तीच.

ती पाटली आज आत्याच्या हातात होती.

दुरुस्ती: पोस्ट टाकल्याबरोबर आत्याचा फोन. वजन चुकलंय म्हणे. पाटल्या साडेचार तोळ्यांच्या होत्या. सराफाने अर्धा तोळा घट धरली, आबांनी निमूट चार लिहून घेतलं. आजीने तो अर्धा तोळा शेवटपर्यंत मान्य केला नव्हता.