बटन कोना हातमा शे?

गुरुवारी संध्याकाळी अमळनेरच्या आमच्या कट्ट्यावर वाद पेटला तो चहाच्या पैशांवरून. रस्त्याच्या खोदकामात केबल तुटलेली, दुपारपासून गावात नेट नाही. टपरीवरचा 'रुपये प्राप्त झाले' म्हणणारा डबा मुका. पाच चहाचे पन्नास रुपये, आणि पाचही जणांचे खिसे झटकून निघाले बारा. चोपड्याचे नाना केळीवाले, मालाचे पैसे परवाच खात्यात आलेले. फोन हातात धरून ते त्या गोल फिरणाऱ्या चकतीकडे बघत बसले होते. शेवटी टपरीवाल्या आप्पांनी वही काढली आणि उधारी मांडली.

"मना पैसा मनाच हातमा नही," नाना अहिराणीत म्हणाले. माझा पैसा माझ्याच हातात नाही.

पुण्यात नोकरी करणारा आमचा इंजिनिअर सुट्टीवर आला होता. तो म्हणाला, "नाना, ही तर गल्लीतली केबल. सप्टेंबर 2025 मध्ये लाल समुद्रात जेद्दाहजवळ केबली तुटल्या, तर आपल्याकडचं नेट रखडलं." खंडाखंडांतला 95 टक्क्यांहून जास्त डेटा समुद्राच्या तळातून जातो, हे नानांना पटेचना. सगळं उपग्रहावरून चालतं, असंच आपल्यापैकी बहुतेकांना वाटतं.

"तुटलेली केबल जोडता येते," मी म्हटलं. "पण कोणी मुद्दाम बंद केलं तर?" आणि मी नायराचं उदाहरण काढलं. ते माझ्या डोक्यातून अजून जात नाही. गुजरातमधल्या वाडिनारची रिफायनरी, तिच्यात रशियाच्या रोसनेफ्ट या तेल कंपनीचा 49 टक्क्यांच्या आसपास हिस्सा. जुलै 2025 मध्ये युरोपीय संघानं तिच्यावर निर्बंध घातले आणि काही दिवसांत मायक्रोसॉफ्टनं तिची ईमेल आणि इतर सेवा थांबवल्या. भारतातल्या कुठल्याही कोर्टानं तसं सांगितलं नव्हतं. नायरा दिल्ली उच्च न्यायालयात गेली, मग सेवा परत चालू झाल्या. तेल आपल्या जमिनीवर, कामगार आपले, आणि निर्णय युरोपीय संघाच्या ब्रसेल्समधला.

इंजिनिअर चिडला. "मायक्रोसॉफ्टला तिकडचे कायदे पाळावेच लागतात रे भो. तिच्या जागी तू असतास तर काय केलं असतंस?"

"तेच तर म्हणतोय! तिला तिकडचे पाळावे लागतात. मग इकडे आपण तिच्यावर किती विसंबायचं?"

इतका वेळ गप्प बसलेले आबा आता सरसावले. आबा निवृत्त मास्तर, शब्द तोलून बोलणारे. ऐंशीच्या दशकात अमेरिकेनं आपल्याला क्रे महासंगणक हवा तसा दिला नाही, म्हणून 1988 मध्ये पुण्यात सी-डॅक ही सरकारी संगणक संशोधन संस्था उभी राहिली आणि विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली 1991 मध्ये 'परम 8000' हा आपला महासंगणक तयार झाला. "नाही म्हटलं तेव्हाच आपण हातपाय हलवले," आबा म्हणाले.

"आबा, तो काळ वेगळा होता," इंजिनिअर म्हणाला, आणि इथे त्याचं म्हणणं मला मान्य करावं लागलं. आज एआयला लागणाऱ्या चिपचा आराखडा अमेरिकेत होतो, ती छापायचं सर्वांत बारीक कामाचं यंत्र जगात एकटी नेदरलँड्सची एएसएमएल बनवते, आणि छपाई मुख्यतः तैवानमध्ये. अमेरिकेनं ऑक्टोबर 2022 पासून चीनला भारी चिप द्यायचं आवळलं. चीननं एप्रिल 2025 मध्ये दुर्मिळ खनिजांच्या निर्यातीवर बंधनं घातली. जानेवारी 2025 मध्ये बायडन सरकारनं जाता जाता देशांची प्रतवारीच लावली: अठरा जवळच्या मित्रांना मोकळीक, आणि आपण मधल्या गटात, मोजून चिप मिळणाऱ्यांत. मे महिन्यात ट्रम्प सरकारनं तो नियम मागे घेतला.

"आमच्या केळीची लावतात तशी प्रतवारी," नाना म्हणाले. "घड त्याच बागेतला, पण दर ठरवणारा दुसरा."

नानांचं हे वाक्य मला त्या रात्री झोपताना पुन्हा आठवलं.

मग यूपीआयवर आलो. 2016 पासूनची ही व्यवस्था आपली, ती बाहेरून कोणी बंद करू शकत नाही, हे मोठंच काम झालं. पण तिच्यावरचे पाचातले चार व्यवहार दोन ॲपवरून होतात, आणि त्या दोन्हींचे मालक अमेरिकन. सरकारनं 2024 मध्ये एआय मोहिमेला दहा हजार कोटींच्या वर मंजूर केले, गुजरातमधल्या धोलेऱ्याला 91,000 कोटींचा चिप कारखाना होतोय. आबांना ते पुरेसं वाटतं. मला वाटत नाही. आपल्या याच गावात 1945 मध्ये वनस्पती तुपाचा कारखाना म्हणून विप्रो सुरू झाली. तिथून जगभरच्या संगणकांचं काम करण्यापर्यंत आपण पोचलो, पण ज्या यंत्रांवर ते काम केलं ती यंत्रं दुसऱ्यांचीच राहिली. आता तरी किमान बँक, वीज, रेल्वे आणि शेतीची माहिती यांना दुसरी वाट हवी. सगळंच इथे बनवा असं माझं म्हणणं नाही. एक वाट बंद झाली तर दुसरी उघडी असावी, एवढंच.

नेट साडेआठला आलं. नानांनी लगेच फोनवरच्या एआयला अहिराणीत विचारलं, "मनी केळीना पानं पिवळा पडी ऱ्हायनात, काय करू?" उत्तर आलं मनी प्लांटची काळजी कशी घ्यावी याचं. कुंडी उन्हात ठेवू नका म्हणे! नाना हसले नाहीत. त्यांच्या बागेत खरंच पानं पिवळी पडताहेत. 2011 च्या जनगणनेत अहिराणी धरून खानदेशी बोलणारे अठरा लाखांवर निघाले, आणि 'मनी' म्हणजे 'माझी' हे त्या यंत्राला कोणी शिकवलेलं नाही.

इंजिनिअर विरघळला. म्हणाला, "नाना, तुम्ही बोला, मी रेकॉर्ड करतो. केळीचे रोग, खतं, पाणी, सगळं अहिराणीत सांगा. ते कोणीतरी जमवल्याशिवाय यंत्राला येणार नाही." नानांनी पंधरा मिनिटं सांगितलं. खोडाला वास कसा येतो, घडाचं वजन हातानं कसं ओळखायचं, सगळं. आप्पांनी तोवर स्टोव्ह बंद केला होता.

सांगून झाल्यावर नानांनी त्याच्या फोनकडे बोट दाखवून विचारलं, "हाई आते कथा जाई?" म्हणजे हे आता कुठे जाणार?

इंजिनिअरनं रेकॉर्डिंग कुठे जमा होतंय ते उघडून बघितलं, आणि तो बराच वेळ काही बोलला नाही.