मटणाला स्क्रीन नसते

"मागून तिसऱ्या बाकावरचे, खिडकीकडचे, निळ्या शर्टातले बंधू." एवढा पत्ता दिल्यावर फक्त पिनकोड राहिला होता. गेल्या रविवारी चर्चमध्ये भर उपासनेत पाळकसाहेबांनी हा पत्ता व्यासपीठावरून वाचला आणि अख्खी मंडळी मागे वळली. पेटीवाल्यानेसुद्धा मान वळवली. एरवी तो फक्त घड्याळाकडे बघतो. "देव आपल्याशी बोलतोय, आणि आपण मोबाईलशी," साहेब म्हणाले. माझं वय शेहेचाळीस. शाळेत असताना मला कधी वर्गाबाहेर काढलं नव्हतं, ती उणीव अशी भरून निघाली.

मोबाईल माझा नव्हता. हे मी त्या दिवसापासून सांगतोय आणि कोणीही ऐकत नाहीये, म्हणून आता लिहितोय.

मोबाईल मामांचा होता. मामा म्हणजे तारकपूर डेपोतून निवृत्त झालेले एसटीचे कंडक्टर. ते माझे नात्याने कोणी लागत नाहीत. ते सगळ्या नगरचेच मामा. त्या दिवशी मत्तयाचा सहावा अध्याय होता, "पहिल्याने त्याचे राज्य व त्याचे नीतिमत्त्व मिळवण्यास झटा." साहेबांनी "शास्त्र उघडा" म्हटलं आणि मामांनी माझ्या बरगडीत कोपर मारलं. गर्दीच्या गाडीत वाट काढणारं, चाळीस वर्षांच्या सरावाचं कोपर.

"बाळ, हे उघडंना."

चष्मा घरी राहिलेला. नातवाने फोनमध्ये बायबल घालून अक्षरं बोरांएवढी करून दिलेली. पण ॲप म्हणत होतं, आधी अपडेट करा. अपडेट म्हणत होतं, जागा नाही. मी गॅलरी उघडली. चार हजार तीनशे अकरा चित्रं. सूर्योदय, कमळ, कबूतर, धबधबा, आणि प्रत्येकावर एकेक वचन. देवाच्या वचनांनी फोन इतका गच्च भरला होता की त्यात देवाचं वचन मावत नव्हतं.

"मामा, थोडी पुसू का?" मी कुजबुजलो.

"पूस. पण बघून पूस."

इथे मी चुकलो. 'नंतर बघू' हे दोन शब्द मला वेळेवर कधीच सुचत नाहीत.

पहिलं चित्र स्तोत्र २३. परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, मला काही उणे पडणार नाही. (जागा सोडून.) "हे नको पुसू," मामा म्हणाले, "हे तर पाठ आहे मला."

"पाठ आहे तर ठेवायचं कशाला?"

"पाठ आहे म्हणून तर वाचता येतं. चष्मा नाहीये ना."

यावर उत्तर नव्हतं. पुढे गेलो. "मामा, हे तेच आहे. सात वेळा आलंय."

"सात हा पूर्णत्वाचा आकडा."

त्यापुढे मामांचा स्वतःचा अंगठा, चुकून काढलेला, ओळीने एकोणीस वेळा. तोही पुसू देईनात. "असू दे. कुठं सही लागली तर."

समोर साहेब पंडिता रमाबाईंचा दाखला देत होते. बाईंनी ग्रीक शिकली, हिब्रू शिकली, १८९६-९७ च्या दुष्काळातल्या शेकडो मुली केडगावला आपल्या मुक्ती मिशनमध्ये सांभाळल्या, आणि ते सगळं करता करता अख्खं बायबल मराठीत आणलं. मी ऐकत होतो, शपथ. तेवढ्यात बरगडीत पुन्हा कोपर.

"आपलं केडगाव नाही बरं. दौंडकडचं."

"माहितीये, मामा."

"लोक चुकतात. तिकिट मागायचे केडगाव, आणि उतरायचे इथं वेशीवर. मग म्हणायचे, मुक्ती मिशन कुठंय? त्यांना रेल्वेनं जायला पाहिजे. दौंड-पुणे पॅसेंजर."

हे तिकीट फाडताना सांगायच्या आवाजात. पुढच्या बाकावरच्या बाई हळूच वळल्या आणि त्यांनी बघितलं कोणाकडे? माझ्याकडे. कारण तोवर मामांनी डोळे मिटून हात जोडले होते. हे त्यांना कसं जमतं ते मला आजवर कळलेलं नाही. डुलकी घेणाऱ्या प्रवाशालाही पुढचा स्टॉप कळतो, त्यातलाच प्रकार असावा.

शेवटी माझा धीर सुटला. मी एकदम पाचशे चित्रं निवडली आणि पुसली. जागा काही वाढली नाही.

"का?" मामांनी डोळे न उघडता विचारलं.

"ती आधी कचरापेटीत जातात. तिथे तीस दिवस राहतात."

"आणि मग उठतात?"

"नाही मामा. मग कायमची जातात."

"तीस दिवस," मामा तुच्छतेने म्हणाले. "आपल्याकडं तिसऱ्या दिवशी काम झालं होतं."

मी हसलो. तोंड दाबलं, पण नाकातून आवाज आला. आणि त्याच क्षणी वरून पत्ता जाहीर झाला: मागून तिसरा बाक, खिडकी, निळा शर्ट.

आता माझी तक्रार. उपासना नऊची, सुरू झाली सव्वानऊला. त्यात घोषणा वीस मिनिटं. त्यातली सात मिनिटं सहलीचे पैसे कोणी दिले नाहीत यावर. दानपेटीवर क्यूआर कोड चिकटवलाय, तिथे फोन काढला तर तो भक्तिभाव. गीतांचे शब्द पडद्यावर, साहेबांची टिपणं टॅबलेटवर. एवढ्या सगळ्या स्क्रीनांत पापी ठरली एकच, आणि तीही उसनी. लूकच्या चौदाव्या अध्यायात मोठ्या जेवणाचं आमंत्रण नाकारणारे तिघे आहेत: एकाने शेत घेतलं, एकाने बैलांच्या पाच जोड्या घेतल्या, एकाने लग्न केलं. तिघांनी निदान आपापल्या भानगडीपायी आमंत्रण हुकवलं. मी दुसऱ्याच्या बैलांपायी हुकवलं.

बरं, मीही काही धुतल्या तांदळाचा नाही. मामांचं कोपर लागलं तेव्हा मी प्रभूच्या राज्याचा विचार करत होतो असं म्हटलं तर चर्चची घंटा आपोआप वाजेल. मी मटणाचा विचार करत होतो. उपासना साडेअकराला सुटते. तोपर्यंत दुकानात चाप गेलेले असतात, कलेजी गेलेली असते. समोर "काय खावे ह्याविषयी चिंता करत बसू नका" वाचलं जात होतं आणि मी मनात एक किलो की दीड, एवढ्यावर अडलो होतो. पण मटणाला स्क्रीन नसते. उजेड पडत नाही, आवाज येत नाही. त्या क्षणी त्या छपराखाली कितीजण गॅस बंद केला का, ईएमआय कधी कापला जाईल, जावेने नवी साडी कधी घेतली, यात बुडालेले होते, ते साहेबांना दिसलं नाही. सगळे माना ताठ करून बसले होते. मीही तसाच बसलो असतो तर आज माझा दाखला दिला गेला असता, चांगल्या अर्थाने.

दाराशी हस्तांदोलनाची रांग. मामा माझ्या पुढे. साहेबांचा हात दोन्ही हातांत धरून म्हणाले, "संदेश फार मार्मिक झाला, साहेब. खासकरून ते मोबाईलचं." मग माझ्याकडे वळून, प्रेमाने, "आजकालची पोरं."

मी साहेबांना सांगायला तोंड उघडलं. काय सांगणार? मोबाईल त्यांचा होता? शेहेचाळिसाव्या वर्षी? साहेबांनी माझ्या खांद्यावर थोपटलं. "होतं असं, बंधू. प्रार्थना करू." मागून कोणीतरी "आमेन" म्हणालं.

त्यात श्रीरामपूरहून आईचा फोन. मी अजून चर्चच्या आवारात गाडीची किल्ली शोधत होतो. "तू उपासनेत गेम खेळत होतास म्हणे?" नगरहून श्रीरामपूरला बातमी पोचायला नऊ मिनिटं लागली होती, आणि वाटेत त्या फोनमध्ये गेमही बसला होता.

दुकानात पोचलो तेव्हा बारा वाजत होते. चाप नव्हते, कलेजी नव्हती, हुकाला खांद्याचा एक तुकडा लटकत होता. रांगेत माझ्या पुढे एकच गिऱ्हाईक. साहेबांचा हात सोडला तसं थेट इकडेच निघालं असणार, कारण त्याच्या पिशवीत चाप होते आणि कलेजीही.

"उशीर केलास, बाळ," मामा पिशवीला गाठ मारत म्हणाले. "पहिल्याने यायचं असतं." मग खिशातून फोन काढून माझ्यापुढे धरला. "तेवढं फोनपे करून दे. चष्मा नाहीये."