दोन सह्या, एक शिक्का

मुंबई विमानतळावर बसून लिहितेय, शुद्धलेखन सांभाळून घ्या. लेक शेजारी वेफर्स खातेय. दोघीच सिंगापूरला चाललोय, तिचा बाबा तिकडे आहे. त्याचं नोटरी केलेलं संमतीपत्र, लेकीचा जन्मदाखला, सगळं फाईलमध्ये लावून आणलं होतं. इमिग्रेशनवाल्याने पासपोर्ट बघितला, लेकीकडे बघितलं, शिक्का मारला. 'वडील कुठे?' एवढंसुद्धा विचारलं नाही. फाईल उघडलीच नाही.

माझा भाचा असाच गेला.

दिवाळीच्या सुट्टीत वहिनी 'चार दिवस माहेरी' म्हणून त्याला घेऊन गेली आणि पाचव्या दिवशी मेलबर्नहून व्हिडिओ कॉल. पोरगं मामाच्या सोफ्यावर. दादाला म्हणालं, "बाबा, माझी सायकल गंजू देऊ नकोस हां."

आता म्हणाल, पासपोर्टला आईवडील दोघांच्या सह्या लागतात ना? लागतात. आणि एकाची नसेल तर दुसऱ्याला कारण लिहून वेगळं स्वयंघोषणापत्र देता येतं, तीही वाट आहेच. पण दादाने सही केली होती. व्हिसाच्या कागदांवरही केली होती, 'मे महिन्यात मामाकडे जाऊ' म्हणून. लहान मुलाचा पासपोर्ट पाच वर्षं चालतो. म्हणजे एकदा सही केलीत की पाच वर्षं कुणीही एकाने पोराला उचलावं आणि जावं! दाराशी विचारणारं कुणी नाही!!

वकीलबाई म्हणाल्या, पंधरा दिवस आधी यायला हवं होतं. कौटुंबिक न्यायालयात अर्ज करून मुलाला देशाबाहेर नेण्यावर मनाई मागता आली असती, पासपोर्ट कोर्टात जमा करून घ्या म्हणता आलं असतं, कोर्टाने सांगितलं तर विमानतळावर लुकआउट सर्क्युलरही, म्हणजे 'याला बाहेर जाऊ देऊ नका' अशी इमिग्रेशनला सूचना, लागलं असतं. पण पंधरा दिवस आधी कळतं कुणाला? आम्ही तेव्हा फराळाची यादी करत होतो.

आणि पोर एकदा गेलं की हेग करार आपल्या कामाचा नाही. एका पालकाने परस्पर परदेशी नेलेलं मूल मूळ देशात परत पाठवायचा १९८० चा करार. ऑस्ट्रेलिया त्यात आहे, आपण नाही. २०१६ मध्ये विधी आयोगाने अहवाल दिला, मग समिती बसली, पुढे काही नाही. दादाने तिकडच्या कोर्टात तिकडचा वकील लावून भांडायचं. कुठल्या पैशाने?

हो, माहितीये. परदेशातून मार खाऊन पोराला पोटाशी धरून पळून आलेल्या बायकांना हाच करार परत पाठवेल, म्हणून विरोध आहे. मान्य.

आणि खरं सांगायचं तर वहिनीनेही आमच्या घरात कमी ऐकून घेतलं नाही. आईची जीभ मला माहीत आहे. दादा तेव्हा गप्प बसायचा, मीही बसायचे. पण म्हणून बापाला न सांगता? निदान सांगून, भांडून, कोर्टातून जायचं होतं गं.

दर रविवारी दादा सायकलच्या साखळीला तेल घालतो. आधी मला राग यायचा, कुणासाठी हे. काल आईचा फोन होता. आवाज नेहमीसारखा नव्हता. म्हणाली, "सीट जरा वर करून ठेवायला सांगू का त्याला? पोरगं वाढलं असेल."

बोर्डिंग सुरू झालं. कमेंट्स उतरल्यावर वाचते.