‘बाळाला हात लावू नका’ सांगणाऱ्या मेसेजबद्दल

मागच्या आठवड्यात आमच्या घरच्या ग्रुपवर मावशीने एक मेसेज टाकला. तुमच्याकडेही तो आला असेल, कारण वर ‘अनेक वेळा फॉरवर्ड केलेला’ असं होतं. कमी दिवसांचं बाळ झालं तर घरच्यांनी काय लक्षात ठेवावं, असा विषय. म्हणणं थोडक्यात असं: सातमासी बाळ जगतं, आठमासी जगत नाही. आईने पपई खाल्ली, जड उचललं की असं होतं. पेटीतल्या (इन्क्युबेटरमधल्या) बाळाला आईबापांनी हात लावू नये, इन्फेक्शन होतं. अशा आईला दूध येत नाही, म्हणून मधाचं बोट चाटवावं आणि पावडर सुरू करावी. आणि बाळ एकदा घरी आलं की काळजी मिटली.

माझी लेक 31 आठवड्यांची जन्मली. वजन 1340 ग्रॅम. 38 दिवस एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात होती, आता चार वर्षांची आहे. मावशीने मेसेज टाकला तो माझ्या मामेबहिणीसाठी, कारण तिचं बाळ या घडीला पेटीत आहे. मावशीच्या मायेबद्दल मला शंका नाही, पण त्या मेसेजमधली एकही गोष्ट खरी नाही.

आठमाशाची समजूत जुनी आहे. आठव्या महिन्यात ओज, म्हणजे शरीराचं सत्त्व, स्थिर नसतं, आईकडून गर्भाकडे आणि गर्भाकडून आईकडे जात राहतं, म्हणून तेव्हाचा जन्म धोक्याचा, असं चरकसंहितेतही आहे. त्या काळी दिसलं त्यावरून कुणी तरी अर्थ लावला असेल. आज आपल्याला माहीत आहे की फुप्फुसातल्या हवेच्या पिशव्या उघड्या ठेवणारा पदार्थ साधारण 34 आठवड्यांच्या सुमाराला पुरेसा तयार होतो. पोटात काढलेला प्रत्येक आठवडा बाळाच्या फायद्याचा असतो. म्हणून तर डॉक्टर बाळंतपण पुढे ढकलायचा प्रयत्न करतात आणि बाळाची फुप्फुसं तयार व्हावीत म्हणून आईला आधी इंजेक्शनं देतात. आठव्या महिन्यातल्या बाळाला सातव्यातल्यापेक्षा जास्त आशा असते. हे ठामपणे सांगायला हवं, कारण ‘आठमासी आहे, कशाला एवढा खर्च करताय’ हे वाक्य मी एनआयसीयूबाहेरच्या बाकावर एका बापाला ऐकवलं जाताना ऐकलंय. सरकारी रुग्णालयात आजारी नवजात बाळावर मोफत उपचार होतात, हे त्याला कुणी सांगितलं असतं तर काही उपयोग झाला असता.

पपईचं थोडक्यात सांगते. माझं बीपी वाढलं होतं, बाळाला आणि मला धोका होता, म्हणून सिझेरियन केलं. फाइलमध्ये एवढंच आहे. जुळं असणं, जंतुसंसर्ग, मधुमेह अशी इतर कारणं असतात आणि कित्येकदा कारण सापडतच नाही. 2020 मध्ये भारतात अंदाजे 30 लाख बाळं 37 आठवड्यांच्या आत जन्मली, जगात सर्वांत जास्त. टाके ओले असलेल्या बाईला ‘काय खाल्लं होतंस गं?’ विचारू नका. मला विचारलं होतं. महिनोन्महिने मी एकेक दिवस आठवून पाहत होते.

आता हात लावण्याचं. मी होते त्या रुग्णालयात पहिले नऊ दिवस आम्हाला संध्याकाळी दहा मिनिटं काचेतून बाळ दिसायचं. दहाव्या दिवशी सिस्टरने आत बोलावलं. डोहाळजेवणात भरलेल्या हिरव्या बांगड्या अजून हातात होत्या. सिस्टर म्हणाली, ‘ताई, त्या काढाव्या लागतील.’ साबण लावून एकेक काढली, मग कोपरापर्यंत हात धुतले. लेकीला टोपी, मोजे आणि लंगोट एवढंच ठेवून सिस्टरने माझ्या छातीवर उभं ठेवलं आणि वरून आम्हा दोघींना कापडाने बांधलं. माझ्या गळ्याजवळ तिचं डोकं, लिंबाएवढी मूठ. मॉनिटरवर 88 आणि 91 च्या मध्ये हेलकावे खाणारा ऑक्सिजनचा आकडा अर्ध्या तासात 95 वर येऊन थांबला. मी तो आकडा बघत रडत होते.

याला कांगारू मदर केअर म्हणतात. 1978 मध्ये कोलंबियातल्या बोगोटात एडगर रे सानाब्रिया या डॉक्टरांनी ही पद्धत सुरू केली. तिथे पेट्या पुरत नव्हत्या. आता पेटी असली तरी ही पद्धत हवी, असं म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने पाच देशांत अभ्यास झाला, त्यात दिल्लीचं सफदरजंग रुग्णालयही होतं. 1 ते 1.8 किलोच्या बाळांना जन्मल्याबरोबर आईच्या छातीशी ठेवलं, तेव्हा पहिल्या 28 दिवसांतले मृत्यू 15.7 टक्क्यांवरून 12 टक्क्यांवर आले. आणि इन्फेक्शनची भीती ज्यांना वाटते त्यांनी हे वाचावं: जंतुसंसर्गाचा संशय आलेली बाळंही आईजवळच्या गटातच कमी होती. पालकांना आत घेऊन, शिकवून, बाळाच्या देखभालीत सामील करा, अशी आपल्या केंद्रीय आरोग्य मंत्रालयाची मार्गदर्शक तत्त्वं 2017 पासून आहेत. बाबांची छातीही चालते. माझ्या नवऱ्याने रोज रात्री दोन तास धरलंय.

स्वच्छ हात हवेत, सर्दी-ताप असेल तर लांब राहावं, हे खरं. पण म्हणून आईला लांब बसवायचं नसतं.

दूध येतं. सुरुवातीला थेंब येतात. मी दर दोन-तीन तासांनी हाताने पिळून स्टीलच्या वाटीत काढायचे, पहिल्या दिवशी एक मिलीसुद्धा भरलं नाही. सिस्टरने तेही सिरिंजमध्ये ओढून नळीतून दिलं. कमी दिवसांच्या बाळाच्या आतड्यांना होणाऱ्या गंभीर आजारापासून आईचं दूध बरंच वाचवतं. ते कमी पडलं तर दात्या आयांचं दूध असतं. मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी 1989 मध्येच आशियातली पहिली दुग्धपेढी सुरू केली. मध मात्र वर्षाच्या आत अजिबात नको, त्यातून बोट्युलिझमसारखा, स्नायू लुळे पाडणारा आजार होऊ शकतो.

आणि घरी आल्यावर काळजी मिटत नाही. डोळ्यांच्या पडद्याची तपासणी जन्मापासून तीस दिवसांच्या आत व्हावी लागते, ती चुकली तर दृष्टी जाऊ शकते. कानांची तपासणी असते. वाढ मोजताना वय दुरुस्त करून, म्हणजे बाळ जितके आठवडे आधी आलं तितके वजा करून मोजायचं असतं. माझी लेक पहिल्या वाढदिवसाला दहा महिन्यांच्या बाळाएवढंच करत होती, आणि ते बरोबर होतं. ‘अजून उभी राहत नाही?’ हा प्रश्न त्या दिवशी सहा जणांनी विचारला. वेळेआधी बाळंतपण झाल्यामुळे आई आजारी असेल तर कायद्यात एक महिन्यापर्यंतची जादा रजा आहे, तीही बहुतेकींना कुणी सांगत नाही.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं नाही, मावशीला फोन केला. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘मग मी काय करू ते सांग.’ मी म्हटलं, दुपारचा डबा घेऊन जा, बाळाच्या आईजवळ बस, ती रडली तर रडू दे, आणि आज वजन किती भरलं ते विचारू नकोस. रात्री तिथे थांब, म्हणजे ती चार तास झोपेल. मंगळवारपासून मावशी रोज जाते. काल अळिवाची खीर नेली होती.